एसएसडी बोर्डवर सोल्डर केलेला लॅपटॉप घ्यावा का?

मॅकबुक एअर घ्यायचा आहे, पण त्याची एसएसडी (डेटा साठवणारा भाग) मुख्य बोर्डवर सोल्डर करून पक्की जोडलेली असल्याने नंतर बदलता येत नाही, मग घेऊ की नको, असं तुम्ही विचारलंय. जरूर घ्या. फक्त एक्स्टर्नल हार्ड डिस्कचे पैसे त्याच बजेटमध्ये धरा.

स्टोरेज नंतर वाढवता येणार नाही, हे सगळेच सांगतील. मला जास्त काळजी डेटाची वाटते. मी लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात आहे. चहा सांडून बोर्ड गेलेला लॅपटॉप येतो. आत साधी एम.2 एसएसडी (स्लॉटमध्ये बसणारी, काढता येणारी पट्टी) असेल, तर झाकण उघडून एक स्क्रू काढायचा, एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या मशीनला लावायची. बोर्ड मेला तरी फोटो, प्रबंध, सगळं बहुतेक वेळा हाती लागतं.

2018 पासूनच्या मॅकबुक एअर आणि प्रोमध्ये हे जमत नाही. एसएसडीची मेमरी चिप बोर्डवरच सोल्डर केलेली, त्यातला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद, आणि त्याची किल्ली आधी टी2 या अ‍ॅपलच्या सुरक्षा चिपमध्ये, 2020 च्या एम1 पासून थेट मुख्य चिपमध्ये. त्यामुळे मेमरी काढून दुसऱ्या बोर्डवर बसवली तरी काही वाचता येत नाही. मूळ बोर्डच जिवंत करावा लागतो. शॉर्ट झालेला कपॅसिटर सापडला, बदलला, बोर्ड उठला, तर डेटा मिळतो. मुख्य चिपच जळाली असेल तर आम्ही हात टेकतो. लॅपटॉप चोरीला गेला तर हेच कुलूप तुमच्या उपयोगी पडतं, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही.

आणि जुनी हार्ड डिस्क टकटक करून निदान इशारा तरी द्यायची. एसएसडी पुष्कळदा काही न सांगता जाते.

म्हणून पहिल्याच दिवशी एक्स्टर्नल डिस्क लावून टाइम मशीन, म्हणजे मॅकमधली बॅकअपची सोय, सुरू करा. पहिला बॅकअप रात्रभर चालू शकतो, पुढचे लवकर होतात. अधूनमधून एखादी फाइल परत काढून उघडून बघा. हे फार थोडे लोक करतात. आयक्लाउड फोटोजवर विसंबू नका, फोनवर उडवलेला फोटो तिथूनही उडतो. डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

विंडोजचा घ्यायचं ठरलं, तर एम.2 स्लॉट आहे का ते दुकानात विचारा. स्वस्त मॉडेलमध्ये अनेकदा सोल्डर केलेली ईएमएमसी (एसएसडीऐवजी वापरली जाणारी स्वस्त स्टोरेज चिप) असते. बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवा. ती नसेल तर काढलेली एसएसडीसुद्धा मला उघडता येणार नाही.