मुखत्यारपत्र रद्द केलं, पण कळवलं कुणाला?

फ्लॅट भाड्याने देता यावा म्हणून पुतण्याला कुलमुखत्यारपत्र दिलंत. पुढे बिनसल्यावर ‘यापुढे माझ्या वतीने काही करू नकोस’ असं फोनवर बजावलंत. आता तो तोच फ्लॅट विकायला गिऱ्हाइकांना दाखवतोय. फोनवर सांगणं पुरेसं आहे का, हा तुमचा प्रश्न. असाच प्रश्न सतत येत असतो.

पुतण्यापुरतं ते पुरेसं धरता येईल, फोन झाल्याचं सिद्ध करता आलं तर. खरेदीदारापुरतं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०८ इथे सगळं ठरवतं: मुखत्यारी संपल्याचं तिऱ्हाइताला कळेपर्यंत त्याच्यापुरती ती संपत नाही. मूळ नोंदणीकृत दस्त पुतण्याच्या हातात आहे. तो पाहून कुणी प्रामाणिकपणे फ्लॅट घेतला, तर ती विक्री तुमच्यावर बंधनकारक ठरू शकते. भरपाईचा दावा पुतण्यावर लावाल, पण आपल्या दिवाणी न्यायालयांत त्याला वर्षं लागतात.

हे टाळता आलं असतं. काम भाड्याचं होतं, तरी छापील नमुन्यातला ‘विक्री करणे, रक्कम स्वीकारणे, खरेदीखत नोंदवून देणे’ हा परिच्छेद न खोडता तुम्ही सही केलीत.

आता एक दिवसही घालवू नका. जिथे मूळ दस्त नोंदवला, त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात रद्दपत्र नोंदवा; त्यात मूळ दस्ताचा क्रमांक आणि तारीख हवीच. प्रत जोडून पुतण्याला पोचपावतीने नोटीस पाठवा, मूळ कागद परत मागा. सोसायटीच्या सेक्रेटरीला, बँकेला आणि नाव माहीत असलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला लेखी कळवा. तुमच्या प्रतीवर ‘मिळाले’ अशी सही आणि तारीख घ्या. ही तारीखच पुढे कोर्टात बोलते. वृत्तपत्रात जाहीर नोटीसही द्या, पण केवळ तिच्यावर विसंबू नका. ‘ती वाचलीच नाही’ असं खरेदीदार म्हणू शकतो.

फ्लॅटमध्ये पुतण्याचे पैसे अडकले असतील आणि त्यांच्या सुरक्षिततेसाठीच मुखत्यारी दिली असेल, तर त्याच कायद्याचं कलम २०२ आडवं येईल, म्हणजे त्याच्या हिताला बाधा आणून मुखत्यारी रद्द करता येणार नाही. दस्त न पाहता यावर ठाम मत देणार नाही; मात्र त्यात ‘अपरिवर्तनीय’ (रद्द न करता येणारं) असा नुसता शब्द असेल तर घाबरू नका.

फ्लॅटच्या सूची क्रमांक दोनचा (नोंदणी कार्यालयातल्या व्यवहारांच्या नोंदीचा) शोधही आजच घ्या. विक्रीचा करार आधीच नोंदला गेला असेल तर कलम २०४ प्रमाणे रद्दपत्राने तो पुसला जात नाही. मग कागद घेऊन थेट वकिलाकडे जा आणि मनाई हुकुमासाठी अर्ज करा.