बोर्डावर एक बाई सक्तीची आहे, मग वरच्या खुर्च्यांवर बाया का दिसत नाहीत?

तुम्ही विचारलंय की संचालक मंडळात किमान एक महिला हवी असा कायदा होऊन इतकी वर्षं झाली, तरी एमडी, सीईओ, प्लांट हेड या जागांवर बाया इतक्या कमी का. त्यांनाच नको असतं की त्यांना मिळत नाही? आणि नागपुरात एमबीए करताय, तर नोकरी निवडताना नेमकं काय बघावं, हेही विचारलंय.

मी कंपनी सेक्रेटरी आहे, म्हणजे कंपनी कायदे पाळते ना हे बघणारी अधिकारी. बुटीबोरीच्या एका लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत तेरा वर्षं नोकरी केली, आता धरमपेठेत स्वतःची प्रॅक्टिस आहे. बोर्ड मीटिंगला मी हजर असायची, पण टेबलाच्या टोकाला, मिनिट्स म्हणजे मीटिंगची नोंद लिहायला. तिथून जे दिसलं तेच सांगते.

आधी कायदा, कारण त्याबद्दल बराच गोंधळ असतो. कंपनी कायदा, २०१३, कलम १४९. प्रत्येक लिस्टेड कंपनीला, आणि १०० कोटींचं भरणा झालेलं भांडवल किंवा ३०० कोटींची उलाढाल असलेल्या इतर पब्लिक कंपनीला, बोर्डावर किमान एक महिला संचालक लागते. ही महिला मालकाच्या घरातली नसावी असं हे कलम म्हणत नाही. ती अट नंतर आली. उदय कोटक समितीच्या शिफारशींनंतर सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, नियम बदलले आणि बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून, पहिल्या हजारांना १ एप्रिल २०२० पासून एक 'स्वतंत्र' महिला संचालक सक्तीची केली. प्रवर्तकाची बायको, मुलगी, सून यात बसत नाही. हजाराच्या खाली मात्र ती आजही चालते.

आता २०१५ चा मार्च. सेबीची मुदत १ एप्रिलची होती, आणि चुकली तर दंड. आमच्याकडे बोर्डावर एकही बाई नव्हती. फेब्रुवारीपर्यंत कोणी मनावर घेतलं नाही, आणि मग एका दुपारी एमडींनी मला सांगितलं, "घरी जाऊन मॅडमच्या सह्या घेऊन या." मॅडम म्हणजे त्यांची बायको. मी संमतीपत्राचा फॉर्म, डिजिटल सिग्नेचरचे कागद, फोटोंचा लिफाफा घेऊन गेले. गच्चीवर कुरड्या वाळत होत्या, मॅडम खाली आल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "कुठे करायची सही?" मी पेन्सिलने फुल्या करून ठेवल्या होत्या. त्यांनी सगळ्या फुल्यांवर सह्या केल्या आणि मला पन्हं दिलं. कशावर सही केली हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, ते मात्र चुकलं माझं.

असं त्या महिन्यात देशभर झालं. म्हणून लोक म्हणतात की हा कायदा नुसता देखावा आहे. माझं तसं मत नाही, आणि ते का ते पुढे सांगते.

मॅडम पहिली दोन वर्षं मीटिंगला येऊन गप्प बसायच्या. पण अजेंड्याची फाईल मी सात दिवस आधी पाठवायची, तेव्हा ती त्या घरी वाचत होत्या हे मला नंतर कळलं. लग्नाआधी वडिलांच्या इतवारीच्या दुकानाचा हिशोब त्यांनीच ठेवलेला. तिसऱ्या वर्षी एका मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "उत्पादन वाढलं, मग भंगार विक्रीचा आकडा चारही तिमाहींत तेवढाच कसा?" खोलीत शांतता. "बघून घेऊ," असं उत्तर आलं. मी तो प्रश्न मिनिट्समध्ये लिहिला. मसुदा पंधरा दिवसांत सगळ्या संचालकांना जातो, तसा गेला, आणि मला फोन आला की एवढं बारीक लिहायची गरज नाही. मॅडमनी मात्र उलट टपाली कळवलं की तो प्रश्न तसाच राहू द्यावा. पुढच्या तिमाहीत भंगाराचा ठेका निविदा काढून दिला गेला. सहीपुरती बसवलेली बाई खुर्चीत बसल्यावर काम करू लागते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून खुर्ची असणं महत्त्वाचं.

पण लक्षात घ्या, मॅडम बोर्डावर होत्या, कारखाना चालवत नव्हत्या. तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

आमच्याच कारखान्यात एक मेकॅनिकल इंजिनियर होती, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. कँटीनमध्ये आम्ही दोघी एकत्र डबा खायचो, कारण स्टाफमध्ये बायाच मोजून पाच. २००८ साली तिने प्रॉडक्शनची लाईन, म्हणजे थेट उत्पादनाची जबाबदारी, मागितली. तेव्हाच्या प्लांट हेडने सांगितलं की शिफ्ट इन्चार्जला रात्रपाळी करावी लागते आणि फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये बाईला संध्याकाळी सातनंतर काम देता येत नाही. ते खरंही होतं, १९४८ च्या कायद्याचं कलम ६६. मग तिने जनरल शिफ्टमधली लाईन मागितली. त्याला कायदा आडवा येत नव्हता. तर साहेब म्हणाले, "पोरी, तुझ्या भल्यासाठीच सांगतो. शॉप फ्लोअरवर मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असते, वरून ठेकेदाराचे लोक. लॅबमध्ये एसी आहे, घरीही वेळेवर जाशील." माणूस वाईट नव्हता. खरोखर मायेने बोलत होता. तिला क्वालिटी लॅब मिळाली.

२०१९ मध्ये प्लांट हेडची जागा रिकामी झाली. नामनिर्देशन आणि वेतन समितीपुढे तीन नावं आली, त्यात हिचं नव्हतं. मॅडम त्या समितीवर होत्या, त्यांनी विचारलं की त्या लॅबवाल्या बाईंचं नाव का नाही, सगळ्यात जुन्या तर त्याच आहेत. उत्तर मिळालं, उत्पादनाचा थेट अनुभव नाही. मॅडमनी परत विचारलं, "त्यांनी कधी लाईन मागितली होती का?" कोणालाच माहीत नव्हतं. जुने साहेब केव्हाच निवृत्त झालेले.

मला माहीत होतं. मी बोलले नाही. सेक्रेटरीने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं अशी माझी तेव्हा समजूत होती. मी लिहिलं, 'उत्पादन विभागाचा थेट अनुभव नसल्याने नावाचा विचार करता आला नाही.' तिच्याहून पाच वर्षांनी कनिष्ठ माणूस प्लांट हेड झाला.

तुमच्या प्रश्नाचं माझ्या लेखी उत्तर हेच आहे. वरची खुर्ची वर असताना हुकत नाही, ती अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी हुकते. लाईन, सेल्सचा टेरिटरी, साईट, रात्रपाळी, नफा-तोट्याची जबाबदारी: एमडीपदाकडे जाणारा रस्ता यातूनच जातो. बाईला मात्र एचआर, सीएसआर, लीगल, लॅब, सेक्रेटेरियल असं 'सोयीचं' काम मिळतं. ती त्यात उत्तम काम करते आणि विभागप्रमुखापर्यंत जाऊन थांबते. पुढे पायऱ्याच नाहीत.

नागपूरकरांना याचं सगळ्यात ठळक उदाहरण खाणींचं देता येईल. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन्ही सरकारी खाण कंपन्यांची मुख्यालयं इथेच आहेत. खाण कायदा, १९५२ च्या कलम ४६ मध्ये होतं: बाईला जमिनीखाली कामावर ठेवायचं नाही. भूमिगत खाणीचा मॅनेजर व्हायचं तर फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी भूमिगत कामाचा अनुभव लागतो, आणि तांत्रिक बाजूचे वरचे अधिकारी याच लोकांमधून तयार होतात. म्हणजे खाली उतरायलाच मनाई होती, तर वर चढणार कशी? तांत्रिक, पर्यवेक्षी आणि व्यवस्थापकीय कामासाठी जमिनीखाली जायची परवानगी मिळाली ती थेट २०१९ मध्ये. माणूस त्या पदांपर्यंत पोचायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, तेव्हा तुम्हीच हिशोब करा.

"त्यांनाच नको असतं का?" याबद्दल. काही जणींना नको असतं, तसं ते काही पुरुषांनाही नको असतं. पण बहुतेक वेळा विचारलंच जात नाही. नागपूरच्या नोकरीत बढती म्हणजे पुण्या-मुंबईला बदली, हे ठरलेलं. पुरुषाच्या हाती ऑर्डर येते, तो तीन वर्षं शनिवार-रविवार गाड्या बदलत येतो-जातो, घर इथेच राहतं, कोणी दोन शब्द बोलत नाही. बाईच्या बाबतीत वरिष्ठच परस्पर ठरवतात की मुलगा दहावीला आहे, ती कुठे जाणार. माझ्या एका मैत्रिणीला तिचं नाव सुचवून मागे घेतलं होतं हे दोन वर्षांनी कळलं. ती गेली असती. सासूबाईंनीही जा म्हटलं असतं, त्या तिच्या पाठीशी खंबीर उभ्या होत्या.

बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली, ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण पाळणाघर म्हणून दाखवलेल्या खोलीत जुन्या फायली रचलेल्याही मी बघितल्यात.

आकडे म्हणाल तर, मोठ्या लिस्टेड कंपन्यांच्या बोर्डांवर २०१३ च्या सुमारास शंभरात सहाच्या आसपास महिला होत्या, २०२२ पर्यंत त्या अठराच्या आसपास गेल्या. ही वाढ कायद्यानेच झाली, नुसतं आवाहन करून झाली नसती. नॉर्वेने २००३ मध्ये ४० टक्क्यांचा कायदा केला आणि न पाळणारी कंपनी बरखास्त करायची तरतूद ठेवली, तेव्हा २००८ पर्यंत तिथे ४० टक्के झाले. आपल्याकडे 'किमान एक' म्हटलं, तर कितीतरी बोर्डांवर बरोब्बर एकच आहे. एक बाई प्रश्न विचारते, पण तिच्या प्रश्नाला दुजोरा द्यायला शेजारी कोणी नसतं. मॅडमच्या शेजारी आणखी एक असती तर २०१९ ची ती मीटिंग वेगळी झाली असती असं मला अजून वाटतं. किमान तीन असाव्यात या मताची मी आहे.

आता तुमच्यासाठी. पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट) नावाचा अहवाल द्यावा लागतो, वार्षिक अहवालातच असतो. त्यात सुरुवातीच्या भागात एक छोटा तक्ता आहे, बोर्डावर किती महिला आणि केएमपीमध्ये किती. केएमपी म्हणजे कंपनीचे मुख्य अधिकारी, प्रामुख्याने एमडी किंवा सीईओ, सीएफओ (अर्थविभागाचा प्रमुख) आणि कंपनी सेक्रेटरी. तिथे 'तीनात एक महिला' दिसलं तर लगेच हुरळू नका, बऱ्याचदा ती एक म्हणजे माझ्यासारखी सेक्रेटरी असते. नावं तपासा. मग पुढे जाऊन पालकत्वाच्या रजेनंतर किती जणी परतल्या आणि वर्षभर टिकल्या तो तक्ता बघा. पुरुष आणि महिलांच्या मध्यक पगाराचा (पगार क्रमाने लावले तर बरोबर मधला येतो त्याचा) तक्ताही आहे. या तीन तक्त्यांतून जे कळतं ते प्लेसमेंटच्या चकचकीत सादरीकरणात सांगत नाहीत.

आणि मुलाखतीत सरळ विचारा, तुमच्याकडे सेल्सचा टेरिटरी किंवा प्रॉडक्शनची लाईन किती बाया सांभाळतात? रुजू झाल्यावर पहिल्या तीन-चार वर्षांत तेच काम मागा, आणि मागाल ते ईमेलवर मागा. माझ्या मैत्रिणीने केबिनमध्ये जाऊन तोंडी मागितलं होतं, म्हणून अकरा वर्षांनी त्याचा कागद कुठेच नव्हता.

ती अजून त्याच लॅबची प्रमुख आहे. गेल्या वर्षी तिच्या हाताखालच्या एका ट्रेनी मुलीने लाईन मागितली, तर हिने तिला स्वतः बसवून अर्ज लिहायला लावला आणि प्रत एचआरला पाठवली. मुलगी आता जनरल शिफ्टला लाईनवर आहे.

कंपनी ठरली असेल आणि तो तक्ता सापडत नसेल तर खाली कंपनीचं नाव लिहा, कुठे बघायचं ते सांगते.