धबधब्याची 'मध्यम' गोल वाट नवख्यांना झेपेल का? कुठल्या बाजूने सुरुवात करावी?

तुम्ही दिलेले आकडे धरून बोलतो: राखीव डोंगरातली ९ किलोमीटरची गोल वाट, ४५० मीटर चढाई, मध्ये धबधबा, फलकावर शिक्का 'मध्यम'. तुम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी, आणि चालायची सवय सपाट रस्त्यापुरती.

झेपेल. पण त्या 'मध्यम'वर विसंबून निघू नका, कारण तो शिक्का अख्ख्या वाटेची गोळाबेरीज सांगतो. आठ किलोमीटर रमतगमत चालायची वाट आणि उरलेला एक किलोमीटर हात टेकवत चढायचा कातळ, तरी उत्तर 'मध्यम'च येतं. धबधब्याच्या वाटेवर हा अवघड तुकडा बहुधा धबधब्याच्या आसपासच सापडतो. साधी गोष्ट आहे, पाणी जिथून कोसळतं तिथे डोंगराला उंच पायरी असते आणि वाटेलाही तीच पायरी कुठून तरी पार करावी लागते. नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतील, तो हा तुकडा.

दिशा त्यावरूनच ठरवा. दाट रेषांचा तुकडा चढताना यायला हवा, उतरताना नाही. ओल्या कातळावर चढताना नजर पुढच्या पकडीपासून हातभरावर असते, अंगाचा भार डोंगराकडे असतो, पाय सटकला तरी हात टेकतात. उतरताना पाय कुठे पडतोय ते स्वतःच्याच गुडघ्याआड लपतं आणि भार दरीकडे जातो. हिरवं शेवाळ निदान डोळ्यांना दिसतं. त्याहून वाईट म्हणजे काळपट, चकचकीत दिसणारा पातळ थर. बूट कितीही भारी असो, त्यावर तो धरत नाही. अशा ठिकाणी मी कोरडा किंवा खरबरीत दगड शोधतो, तो नसेल तर सरळ बसून उतरतो. शोभत नाही, पण चालतं. अर्थात वाट एकदिशा केलेली असेल तर हा प्रश्नच मिटला. उलट्या बाजूने घुसू नका.

आता वेळ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तुमच्या वाटेला हे लावलं तर अंतराचे पावणेदोन तासांहून थोडे जास्त, चढाईची ४५ मिनिटं, म्हणजे अडीच तासांच्या आसपास. यात दम खाणं, फोटो, बुटात गेलेला खडा काढणं, काहीच धरलेलं नाही. मुलगी सोबत आहे, तेव्हा दीडपट करा आणि धबधब्यापाशी एक तास धरा. पाच तास झाले. अंधाराच्या किंवा प्रवेशद्वार बंद होण्याच्या वेळेतून, जे आधी असेल त्यातून, हे पाच तास वजा करा आणि वर तासभर हाताशी ठेवा. त्याहून उशिरा निघू नका.

गोल वाटेची खरी गोम वेगळीच आहे. आल्या वाटेने परतायचं असलं की काय काय पार करायचं आहे ते माहीत असतं. गोल वाटेवर मात्र दमलेल्या पायांनी नवं काहीतरी गाठायचं असतं, आणि अर्धी वाट ओलांडली की मागे फिरणंही लांब पडतं. म्हणून धबधब्यापाशी पोहोचायची वेळ घरूनच ठरवून निघा. ती टळली तर माघारी फिरायचं, जेमतेम निम्मं झालं असलं तरी. फक्त आलेली वाट निसरड्या कातळाची असेल तर घाई न करता पुढच्या सौम्य वाटेनेच उतरा. त्यात अंधार पडू शकतो, म्हणून विजेरी (टॉर्च) सोबत असतेच. दरीत फोनच्या नकाशावरचा ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो, कारण उपग्रहाचे संकेत कड्यांवर आपटून येतात. तेव्हा ठिपक्यापेक्षा वाटेवरच्या खुणांवर भरवसा ठेवा.

धारेखाली उभं राहायचा मोह आवरा. बऱ्याच धबधब्यांत वरचा खडक कठीण आणि खालचा थर मऊ असतो. खालचा झिजतो, वरचा अधांतरी राहतो आणि एके दिवशी तुटून पडतो. नायगारा असाच सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे सरकला. डोहातल्या त्या मोठाल्या दगडांवर बसून लोक फोटो काढतात, पण ते वरूनच आलेले असतात. मुलीला इंद्रधनुष्य दाखवायचं असेल तर सूर्य पाठीशी घेऊन तुषारांकडे बघायचं. त्यासाठी पाण्याजवळ जायची गरजही नाही. आणि तिथे हाक ऐकू जात नाही, तेव्हा हाताच्या खुणा आधीच ठरवा.

पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर सामान आवरत बसू नका, लगेच उंचावर चढा. डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या अंगाला पाऊस झालेला असू शकतो.

राखीव क्षेत्राचे नियम फलकावर असतातच, मी एकच सांगतो: वाटेत चिखल लागला तर त्यातूनच जा. प्रत्येकजण कडेने गेला की पायवाट दरवर्षी रुंदावत जाते आणि कडेची रोपं तुडवली जातात. बूट धुता येतात.

निघताना प्रवेशद्वारावरच्या वनरक्षकाला विचारा की ओढा ओलांडायच्या जागी आज पाणी किती आहे. मुलीच्या गुडघ्याच्या वर असेल, किंवा कमी असूनही जोरात वाहत असेल, तर त्या दिवशी गोल पूर्ण करायचा विचार सोडा आणि ओढ्याच्या अलीकडे जेवढी वाट आहे तेवढीच चालून या.