डिकीत ॲम्प्लिफायर कुठे बसवावा: सबच्या बॉक्सवर, पार्सल ट्रेखाली की सीटच्या पाठीला?

तुम्ही तीन जागा विचारल्यात. सबवूफरच्या (म्हणजे सब, खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर) बॉक्सवर, पार्सल ट्रेखाली (मागच्या काचेखालची फळी) उलटा, नाहीतर मागच्या सीटच्या पाठीला. सीटच्या पाठीला बसवा. बॉक्सवर अजिबात नको, फिटर काहीही म्हणू दे.

मी सांगली-मिरज रोडला गाड्यांचं वायरिंग आणि साउंडचं काम करतो. याच प्रश्नावरून आमच्या घरात अजून धुसफूस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचे दाजी तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. त्यांनी नवी सेडान घेतली तेव्हा ॲम्प, सब, वायर सगळं माझ्या दुकानातून गेलं, पक्क्या बिलावर. मी म्हणालो, सीटमागं प्लाय मारून ॲम्प तिथं घेऊ. दाजी म्हणाले, नको, बॉक्सवरच मार. त्यांचं कारण होतं. फवारणीच्या दिवसांत डिकीत औषधाचे कॅन, हंगामात द्राक्षाच्या पेट्या. ॲम्प बॉक्सवर असला की दोन्ही एकदम उचलून घरात ठेवता येतात.

अडचण खरी होती, पण तिच्यावर उपाय वेगळा आहे. ॲम्प गाडीतच राहू द्यायचा आणि सबच्या बॉक्सला लॉकचा कनेक्टर लावायचा. मग फक्त स्पीकरच्या दोन वायरी सोडल्या की बॉक्स बाहेर. ॲम्प बॉक्सवर असेल तर प्रत्येक वेळी बॅटरीची वायर, अर्थिंग, आरसीए (स्टिरिओकडून आवाज आणणारी वायर), रिमोट (ॲम्प चालू करणारी वायर) सगळंच सोडा. त्यात फ्यूज न काढता पॉझिटिव्ह सुटी केली आणि तिचं टोक पत्र्याला लागलं तर काय होतं ते सांगायला नको. हे सगळं मी तिथं उभं राहून सांगितलं. आमचे वडील म्हणाले, "पाहुणे सांगतायत तसं कर की." मी केलं नाही. दाजींनी गावाकडं दुसऱ्याकडून बॉक्सवर मारून घेतला.

पुढच्या हंगामात ॲम्प बंद. लाल प्रोटेक्ट लाइट, म्हणजे बिघाड दिसला म्हणून ॲम्पनं स्वतःला बंद केल्याची खूण, लागून राहायची. आणि भाच्याच्या जावळाला, सगळे पाहुणे बसलेले असताना, दाजी म्हणाले, "मेव्हण्यानंच डुप्लिकेट माल दिला, कुणाला सांगायचं!" मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं डोळ्यानंच गप्प केलं. ते मला आजही लागतं. धंदा माणसाच्या शब्दावर चालतो.

ॲम्प दुकानात आणून खोलला. आत पॉवर सप्लायचे मोठे कॅपॅसिटर असतात, अंगठ्याएवढे जाड, आणि उभे असतात बारीक दोन पायांवर. त्यातल्या एकाच्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी काळी गोल रेघ होती. वरून काहीच दिसत नाही. बोटानं कॅपॅसिटर हलवला आणि भिंगातून पाहिलं तर तो पाय सोल्डरच्या आत हलत होता. पॉझिटिव्हच्या टर्मिनलचा स्क्रूही ढिला झालेला आणि तिथलं वायरीचं प्लास्टिक तापून तपकिरी पडलेलं. सब तीस ते साठ हर्ट्झला वाजतो, म्हणजे बॉक्सची फळी सेकंदाला तेवढ्या वेळा थरथरते. ॲम्प त्याच फळीला आवळलेला. सोल्डर तुटणार नाही तर काय होईल? शिवाय स्क्रू फळीच्या आरपार गेलेले. सील्ड, म्हणजे सगळीकडून बंद, बॉक्सला अशी भोकं पडली की हवा गळते आणि बेसचा कस जातो.

सोल्डर नव्यानं केलं, कॅपॅसिटरच्या बुडाशी सिलिकॉन भरलं, वायरीचं टोक छाटून नवीन थिंबल (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) मारली. पार्ट एकही बदलला नाही. तोच ॲम्प आज त्याच गाडीत वाजतोय, सीटच्या पाठीला. माल चांगला होता हे मात्र दाजींनी पाहुण्यांत कधी सांगितलं नाही.

त्यांचा एक मुद्दा तुमचा फिटरही काढेल: "कंपनीवाले बॉक्समध्येच ॲम्प देतात, त्यांना कळत नाही होय?" कळतं की. तो ॲम्प त्याच कामासाठी बनवलेला असतो, आतले जड पार्ट चिकटवून पक्के केलेले असतात. सुटा विकत घेतलेला ॲम्प तसा असेलच असं नाही.

पार्सल ट्रेखाली उलटा लावला की डिकी मोकळी दिसते, एवढाच फायदा. क्लास म्हणजे ॲम्पच्या सर्किटची जात. क्लास एबीचा ॲम्प पूर्ण जोरात असताना शंभर वॅट खाऊन साठेक वॅट स्पीकरला देतो, बाकी सगळी उष्णता. क्लास डी बरा, ऐंशीच्या पुढं जातो. पण उलट्या ॲम्पची गरम हवा वर जाऊन त्याच्याच पोटाशी अडकते. आतल्या त्या मोठ्या, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचा ढोबळ हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं तर आयुष्य निम्मं. आपल्याकडं मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी किती तापते ते हात घालून बघा. आणि त्याच ट्रेमध्ये ओव्हल स्पीकर असतील तर तीही थरथरतेच.

सीटच्या पाठीला लावताना स्क्रू फोममध्ये घुसवू नका. १२ एमएमचा प्लाय सीटच्या लोखंडी फ्रेमला बोल्टनं आवळा, मध्ये रबरी वॉशर टाका, ॲम्प त्या प्लायवर. फिन (ॲम्प थंड ठेवणाऱ्या अंगावरच्या धातूच्या पट्ट्या) उभ्या राहतील असा धरा आणि चारी बाजूंनी चार बोटं जागा सोडा. समोर पेट्या रचणार असाल तर पट्ट्यांची जाळी मारा. अर्थिंगची वायर पॉझिटिव्हच्याच गेजची (जाडीची), अर्ध्या मीटरच्या आत. जिथं लावायची तिथला रंग पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. शंभरातल्या बहुतेक गाड्यांत रेस दिल्यावर जी शिट्टी ऐकू येते ती या अर्थिंगच्या कच्च्या जोडामुळं, आणि लोक ॲम्प बदलत बसतात. मेन फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. तो वायरीला वाचवतो, ॲम्पला नाही. बॅटरीची वायर एका बाजूनं, आरसीए दुसऱ्या बाजूनं.

स्टेपनीच्या खड्ड्यात बसवायचा सल्लाही कुणीतरी देईल. डिकीचं रबर कडक झालं की पहिलं पाणी तिथंच साठतं, त्याला पूर यावा लागत नाही. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या सांगलीकरानं तरी गाडीच्या तळाशी ॲम्प ठेवू नये.

आता राहिलेलं. सीट फोल्ड होणारी असेल तर वायरींना ढील ठेवा आणि सीट पूर्ण पाडून बघा, कुठं चेंगरतंय का. साठ-चाळीसची, म्हणजे दोन भागांत वेगळी पडणारी सीट असेल तर प्लाय दोन्ही भागांवर घेऊ नका. सीट फोल्ड करायची नेहमी गरज पडत असेल तर डिकीच्या बाजूच्या पॅनेलमध्ये, चाकाच्या कमानीमागं, एक कोनाडा मिळतो, तोही चालेल. छोटा क्लास डी असेल तर ड्रायव्हरशेजारच्या सीटखालीही मावतो. जमिनीत स्क्रू मारायचाच झाला तर आधी गाडी वर घेऊन खालून बघा, बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते आणि ब्रेकचे पाइपही तिथूनच जातात. डिकीत सीएनजीचा सिलिंडर असेल तर त्याच्या आसपास ड्रिल लावूच नका, आधी ज्यांनी किट बसवलंय त्यांना विचारा. नवी गाडी असेल तर वायर कापण्याआधी वॉरंटीचं शोरूममध्ये विचारून घ्या.

तुमचा ॲम्प चार चॅनेलचा आहे एवढंच लिहिलंय, क्लास आणि वॅट लिहिलेले नाहीत. ते आणि गाडीचं मॉडेल कळवा, म्हणजे वायरीचा गेज आणि फ्यूज नेमका सांगतो.