‘ये’ म्हणून गेले, आता काय करू?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमचे पती पाच आठवड्यांपूर्वी सैन्याच्या मूलभूत प्रशिक्षणासाठी गेले. रविवारी मिळणाऱ्या दहा मिनिटांच्या फोनवर त्यांचा आवाज पहिल्यापासून भरून येतो आणि गेल्या रविवारी त्यांनी “मी परत येऊ का?” असे विचारताच तुमच्या तोंडून “ये” असे निघून गेले. घराचा विषय निघाला की त्यांना अधिक त्रास होईल, असे जाऊबाईंनी बजावल्यापासून तुम्ही पत्रांत घराविषयी लिहिणेच सोडले आहे आणि आता कागद पुढे घेतला तर काही सुचत नाही, असेही तुम्ही कळवता.

इतका मोठा माणूस घरासाठी रडतो म्हणजे तो कच्चा तर नाही ना, ही शंका तुमच्या पत्रात दोन ठिकाणी डोकावते. नॉस्टॅल्जिया हा शब्द आज आपण जुन्या दिवसांच्या हळव्या आठवणींसाठी वापरतो. पण १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या तरुण स्विस विद्यार्थ्याने ‘परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला, तेव्हा ते घराच्या ओढीने झुरणाऱ्या माणसाच्या आजाराचे नाव होते. पुढे १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेकडील सैन्याच्या डॉक्टरांनी या नावाखाली ५,००० हून अधिक सैनिकांच्या नोंदी केल्या. तुमच्या पतींच्या आधी या वाटेने किती धडधाकट माणसे गेली आहेत, हे तुमच्या ध्यानात यावे म्हणून एवढे सांगितले.

प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यांत माणसाच्या सवयीचे जे जे असते ते सारे एकदम काढून घेतले जाते. केव्हा उठायचे, किती वेळात जेवायचे, केस किती ठेवायचे, केव्हा बसायचे, हे सारे दुसरा ठरवतो, आणि अंग ठणकत असताना झोपही पुरेशी मिळत नाही. तरीही दिवसभराच्या कवायतीत आणि धावपळीत मनाला भरकटायला सवड नसते. घर आठवते ते बराकीतले दिवे मालवल्यावर, आणि रविवारी, जेव्हा हात रिकामे असतात. नेमक्या त्याच रिकाम्या वेळी तुमचा फोन होतो. आठवड्यातली त्यांची सर्वांत हळवी दहा मिनिटे तुमच्या वाट्याला येतात आणि उरलेले सहा दिवसही असेच जात असतील, असे तुम्ही धरून चालता. मला तसे वाटत नाही. पुढच्या फोनवर “कसे आहात?” याऐवजी “या आठवड्यात नवीन काय शिकवले?” किंवा “शेजारच्या खाटेवर कोण आहे?” असे विचारून पाहा. उरलेल्या सहा दिवसांतले काहीतरी त्यातून ऐकू येईल.

जाऊबाईंचा सल्ला मायेपोटी आलेला असला, तरी मला तो मुळीच पटत नाही. घराची आठवण पत्रामुळे येत नाही, ती तिथे आधीच असते. आणि पत्रातून घर गायब झाले की दूरच्या माणसाला तिकडे काहीतरी बिनसले आहे असे वाटू लागते. माझे थोरले बंधू सैन्यात होते. त्यांच्या ट्रंकेत आईची पत्रे सापडली, तेव्हा धीर धर, नाव काढ असे सांगणारी पत्रे जशीच्या तशी होती. घड्यांवर फाटून दोन तुकडे झालेले पत्र होते ते विहिरीचा दोर तुटून बादली आत पडली आणि ती काढायला कोण कोण धावले, याचे. तुम्हीही तसेच लिहा. त्यांच्या निळ्या शर्टाचे तुटलेले बटण लावले, खिडकीची कडी अजून अडकते, काल पहाटे पाऊस आला आणि वाळत घातलेले कपडे भिजले, एवढे पुरे आहे. “तुझ्यावाचून घर खायला उठते” हे एखाद्या ओळीत जरूर यावे, कारण ते खरे आहे. मात्र अख्खे पत्र त्यावर नको, आणि तिथे बसून त्यांना सोडवता येणार नाहीत अशी घरातली भांडणेही नकोत. आजारपणासारखी गंभीर गोष्ट मात्र लपवू नका. पाकीट साधे ठेवा, कारण अनेक ठिकाणी पत्रे सर्वांदेखत वाटली जातात आणि नटवलेल्या पाकिटामुळे त्यांची थट्टा होईल. पत्रे मागेपुढे पोहोचतात, म्हणून प्रत्येकावर क्रमांक घाला.

आता त्या “ये” विषयी. तो शब्द प्रेमाने आला, त्याची लाज बाळगू नका. तरी रविवारच्या संध्याकाळी, भरल्या गळ्याने, एवढा निर्णय होऊ नये. त्यांना सांगा, “मी ये म्हणाले ते मनापासून, पण आपण हे आज ठरवायचे नाही. हा टप्पा संपल्यावर तू म्हणशील ते आपण शांतपणे बोलू, आणि तू काहीही ठरवलेस तरी मी तुझ्याबरोबर आहे.” मध्येच सोडण्याचे नियम आणि बंधने प्रत्येक सैन्यात वेगळी असतात, तीही तोवर त्यांनी केंद्रातच नीट विचारून घ्यावीत. “मर्दासारखा राहा” हे वाक्य तेवढे चुकूनही उच्चारू नका; त्यानंतर ते रडायचे थांबतील, पण तुम्हाला काही सांगायचेही थांबतील.

एक गोष्ट वेगळी ओळखा. जेवण तुटले, वेळ मिळूनही झोप लागत नाही, कशातच अर्थ वाटत नाही, किंवा जगावेसे वाटत नाही असा सूर लागला, तर ती नुसती घराची ओढ नव्हे. अशा वेळी त्यांना त्याच दिवशी केंद्रातल्या डॉक्टरांकडे जायला सांगा आणि केंद्राला स्वतः फोन करून कळवा. त्यांच्या नोकरीचे काय होईल, या विचाराने थांबू नका.

तुमच्या स्वतःच्या रात्रींविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आहे आणि तीही खोडली आहे. रविवार संध्याकाळचा फोन ठेवल्यावर एकट्या बसू नका. जाऊबाईंशी मतभेद असले तरी त्या वेळी त्यांच्याजवळ जाऊन बसा. आणि पहिले पत्र उद्याच टाका, शर्टाच्या बटणाचे, कोपऱ्यात ‘१’ असा आकडा घालून.