वडिलांच्या संग्रहात जर्मन बालकोरसची परीकथागीतांची तबकडी सापडली आहे. सहा वर्षांच्या मुलीला ऐकवावी का?

तुम्ही लिहिलंय की तबकडीवर हेन्झेल उंड ग्रेटेल, डॉर्नर्योशेन, 'आइन मेन्लाइन श्टेट इम वाल्ड' आणि 'आबेंडझेगेन' अशी नावं आहेत, गाणारी सगळी लहान मुलं आहेत, आणि चेटकीण, भट्टी, शाप असला ऐवज सहा वर्षांच्या मुलीला ऐकवावा की नाही हे ठरत नाही. तबकडी साधारण किती जुनी हेही तुम्हाला हवंय.

जरूर ऐकवा. फक्त लावून शांत बसू नका. यातली काही गाणी नुसती ऐकण्यासाठी रचलेलीच नाहीत. ती खेळायची गाणी आहेत, आणि तबकडीवर खेळाचा फक्त आवाज उतरला आहे.

डॉर्नर्योशेन घ्या. परीकथा जमवून छापणाऱ्या ग्रिम बंधूंच्या संग्रहातली ही 50वी गोष्ट, शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची. तिच्यावरचं गाणं 19व्या शतकाच्या अखेरीचं आहे आणि इथे जर्मनीतल्या बालवाड्यांत ते आजही उभ्यानं गायलं जातं. मुलं हात धरून रिंगण करतात, एक मुलगी मधे उभी राहते. पहिल्या कडव्यात राजकन्येचं रूप, दुसऱ्यात 'सांभाळ गं' असा इशारा. मग दुष्ट परी रिंगणात शिरते आणि शंभर वर्षांच्या झोपेचा शाप देते. मधली मुलगी डोळे मिटून खाली बसते. पाचव्या कडव्याला रिंगणातली सगळी मुलं हात हळूहळू वर नेतात, कारण आता तीच काटेरी कुंपण झालेली असतात. राजपुत्र त्या हातांखालून वाट काढतो, राजकन्या उठते, लग्न लागतं आणि सगळं रिंगण नाचायला लागतं. माझ्या मुलीच्या बालवाडीत हे पाहताना मला सगळ्यात आवडलं ते कुंपण. ज्याला राजपुत्र किंवा परी व्हायला मिळत नाही त्यालाही काहीतरी मोठं व्हायला मिळतं, आणि टाचा उंचावून हात ताणणाऱ्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. भोंडल्याची गाणी फेर धरल्याशिवाय अर्धीच वाटतात, तसंच हे. एकेका ओळीचे शेवटचे शब्द पुन्हा पुन्हा का येतात, हे तबकडी ऐकताना कळत नाही. रिंगणात कळतं. परीला आत यायला, कुंपणाला वाढायला तेवढा वेळ लागतो.

मूळ गोष्टीत या कुंपणात अडकून कितीतरी राजपुत्र मरतात. गाण्यात त्यातला एकही नाही. थेट योग्य तोच येतो.

हेन्झेल-ग्रेटेलच्या गाण्यात तर याहून मोठी काटछाट आहे, आणि तुमच्या काळजीचं उत्तर मला तिथेच दिसतं. ग्रिमच्या 15व्या गोष्टीत दुष्काळ पडलाय, लाकूडतोड्याच्या घरात भाकरी नाही, म्हणून आईबाप पोरांना जंगलात सोडून येतात. 1812च्या पहिल्या आवृत्तीत ती सख्खी आई आहे. 1840च्या आवृत्तीपासून विल्हेल्म ग्रिमनं तिला सावत्र केलं. म्हणजे छापणाऱ्यालाच ते पेलवेना. गाण्यानं पुढचं पाऊल टाकलं आणि आईबापच काढून टाकले. पहिल्या ओळीत दोघं भावंडं जंगलात वाट चुकतात, अंधार असतो, कडाक्याची थंडी असते, बस्स. दुसऱ्या कडव्यात म्हातारी चेटकीण खिडकीतून डोकावते आणि मुलांना मसालेदार केकच्या घरात बोलावते. तिसऱ्यात तीच भट्टीत ढकलली जाते, मुलं घरी जातात, आणि शेवटच्या ओळीत गाणं स्वतःच सांगतं की गोष्ट संपली.

माझं स्पष्ट मत आहे की या गोष्टीतली खरी भीती चेटकिणीची नाहीच. चेटकीण भट्टीत गेली की सहा वर्षांची मुलं टाळ्या वाजवतात. त्यांना झोप येत नाही ती 'आईनं मुद्दाम सोडलं' या वाक्यानं. ते वाक्य या गाण्यात नाही. तेव्हा गाणं आत्ता ऐकवा, ग्रिमची पूर्ण गोष्ट दोन-तीन वर्षांनी वाचून दाखवा. आणि त्या वेळी मात्र काही गाळू नका, कारण दुष्काळाशिवाय ती गोष्ट कळत नाही. ज्या घरात खायला नाही तिथल्या मुलांना जंगलात खाण्याचं घर दिसतं, हे सगळं त्या भुकेतून आलेलं आहे.

'आइन मेन्लाइन श्टेट इम वाल्ड' हे परीकथेचं गाणं नाही, कोडं आहे. जंगलात एक छोटा माणूस गप्प उभा आहे, एकाच पायावर, अंगात लाल झगा, डोक्यावर काळी टोपी. कोण तो? आउगुस्ट हाइनरिश हॉफमान फॉन फालर्सलेबेन यानं ते 1843 साली लिहिलं. जर्मनीचं आजचं राष्ट्रगीत ज्या कवितेचं तिसरं कडवं आहे, ती कविताही त्याचीच, 1841ची. मधल्या वर्षी, 1842 मध्ये, राजकीय कवितांपायी ब्रेस्लाऊ विद्यापीठातली त्याची प्राध्यापकी गेली होती. नोकरी गेलेला माणूस पुढच्याच वर्षी मुलांसाठी इतकं हलकं कोडं लिहितो, याचं मला फार कौतुक वाटतं. उत्तर आहे रानगुलाबाचं लाल फळ. पण इथेही पुष्कळ लोक ठिपक्यांची लाल भूछत्री समजून बसतात. गाण्याच्या शेवटी उत्तर सांगणाऱ्या ओळी येतात, त्या गायच्या नसतात, बोलायच्या असतात. तुमच्या तबकडीवर त्या असतील तर कोरस मधेच थांबून कुणीतरी बोलल्यासारखं ऐकू येईल. तिथे तबकडीत दोष आहे असं समजू नका. मुलीला मात्र आधी ओळखायला सांगा, मगच तो भाग वाजवा.

'आबेंडझेगेन' ही संध्याकाळची प्रार्थना, आणि माझ्या दृष्टीनं या तबकडीवरचा सगळ्यात सुंदर ऐवज. झोपताना चौदा देवदूत भोवती उभे राहतात: दोन उशाशी, दोन पायथ्याशी, दोन उजवीकडे, दोन डावीकडे, दोन पांघरूण घालायला, दोन उठवायला, आणि दोन स्वर्गाची वाट दाखवायला. शब्द लोकगीतातले, चाल जर्मन संगीतकार एंगेलबर्ट हुम्परडिंक याची. 1890 मध्ये त्याच्या बहिणीनं, आडेलहाइड वेटेनं, घरच्या मुलांच्या नाटुकल्यासाठी काही गाण्यांना चाली मागितल्या. त्या घरगुती खेळाची वाढत वाढत 'हेन्झेल उंड ग्रेटेल' ही ऑपेरा झाली. 23 डिसेंबर 1893 रोजी वायमारला तिचा पहिला प्रयोग झाला, वाद्यवृंदाचं संचालन केलं संगीतकार रिचर्ड श्ट्राउसनं. तिथेही आई वाईट नाही. वैतागून ती मुलांना जंगलात स्ट्रॉबेऱ्या गोळा करायला पिटाळते आणि मुलं वाट चुकतात. मघाचं कोड्याचं गाणंही याच ऑपेरात दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला येतं, आणि ते म्हणताना ग्रेटेल रानगुलाबाच्या फळांचाच हार करत असते. बालकोरसला इथे शोभेचं काम नाही. चेटकिणीनं केक करून टाकलेली मुलं शेवटी पुन्हा माणसं होतात, तीच तो कोरस असतात.

या ऑपेराचं एक ध्वनिमुद्रण इथे सांगितलंच पाहिजे. 1953 मध्ये लंडनला वाद्यवृंद-संचालक हर्बर्ट फॉन कारायाननं ते केलं, गायिका एलिझाबेथ श्वार्त्सकॉफ आणि एलिझाबेथ ग्र्युमर प्रमुख भूमिकांत होत्या. त्यातली मुलं इंग्रज आहेत, लंडनच्या परिसरातल्या दोन शाळांची. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये उलट दिशेनं काय झालं पाहा. वेल्समधल्या लँगॉलेन गावी 1947 पासून आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो. 1949 मध्ये तिथे पहिला जर्मन कोरस आला होता, ल्युबेकचा. युद्ध संपून चारच वर्षं झालेली, आणि आपलं स्वागत कसं होईल या धास्तीनं आलेल्या त्या गायकांना गावकऱ्यांनी घरात ठेवून घेतलं. 1953 मध्ये ओबर्नकिर्शेन या छोट्या गावातल्या मुलामुलींनी तिथली बालकोरसची स्पर्धा जिंकली. एडिट म्योलर आणि एर्ना पीलस्टिकर या दोघींनी 1949 मध्ये उभा केलेला हा कोरस. त्याचं जर्मन नाव 'शाउमबुर्गर मेर्शेनझेंगर', म्हणजे शाउमबुर्गचे परीकथा-गायक. त्यांचं भटकंतीचं गाणं, एडिटच्या भावानं चाल दिलेलं, बीबीसीवरून गेलं आणि 1954 मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं. आठ-नऊ वर्षांपूर्वी एकमेकांच्या शहरांवर बॉम्ब टाकणाऱ्या दोन देशांची मुलं एकाच वर्षी ब्रिटनमध्ये जर्मन गाणी गात होती. मला ही हकीकत कितीदाही सांगायला आवडते. तुमच्या लेबलवर 'ओबर्नकिर्शेन' किंवा 'शाउमबुर्गर' असं काही दिसलं तर तुमच्या घरात त्याच मुलांचे आवाज आहेत.

आवाजाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्या बालगीतांत मुलं मोकळ्या, भरदार आवाजात गातात. जर्मन कोरसमध्ये त्यांना हलक्या, वरच्या आवाजात गायला शिकवतात. सुरुवातीला तो बारीक आणि थोडा गार वाटतो. 'आबेंडझेगेन'मध्ये दुसरा आवाज खालून जोडीला येतो तिथे कान द्या. एकेकटे ते आवाज कोवळे आहेत, पण दोन मिळाले की खोली भरून जाते.

आता वय. तबकडी जड, ठिसूळ, आणि मिनिटाला 78 फेऱ्यांची असेल तर ती बहुतेक 1950च्या दशकाच्या अखेरीपूर्वीची. जर्मन लेबलवर वेग 'यू/मिन' (U/min) या अक्षरांबरोबर लिहिलेला असतो. हलकी, वाकणारी, 33 किंवा 45 फेऱ्यांची असेल तर 1950च्या दशकातली किंवा नंतरची. 'स्टीरिओ' लिहिलं असेल तर 1958च्या अलीकडची, आणि चौकटीत 'एलसी' व पुढे आकडा असेल तर 1970च्या दशकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची. 'एटर्ना' नाव आणि मुखपृष्ठामागे 12.10 मार्क किंमत असेल तर ती पूर्व जर्मनीची. 'फोल्क्सवाइझे' म्हणजे पारंपरिक चाल, 'लाइटुंग'पुढे कोरस बसवणाऱ्याचं नाव. डॉर्नर्योशेनपुढे संगीतकार ब्राम्सचं नाव असेल तर ते रिंगणाचं गाणं नव्हे. 1858 मध्ये रॉबर्ट आणि क्लारा शूमान या संगीतकार जोडप्याच्या मुलांसाठी त्यानं लोकगीतांचा एक संच केला होता, त्यातलं ते वेगळं गाणं आहे, आणि ते बसूनच ऐकायचं.

78ची निघाली तर साध्या एलपीच्या सुईनं वाजवू नका. तिची खाच रुंद असते आणि सुई तळाशी घासत जाते. 65 ते 75 मायक्रॉनची जाड सुई वेगळी मिळते. पुसायला स्पिरिट अजिबात नको, कारण या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. शुद्ध पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, आणि लेबल कोरडं. (जगभरच्या 78च्या तबकड्यांसाठी लागणारी लाख बहुतांशी भारतातूनच जायची. उलट 1902 मध्ये कलकत्त्यात मुद्रित झालेल्या गायिका गौहर जानच्या तबकड्या छापून आल्या हॅनोव्हरहून, आणि ओबर्नकिर्शेन तिथून फार लांब नाही.)

मुलीबरोबर खेळायचं तर पाच-सहा मुलं पुरतात. आधी तिला गोष्ट मराठीत सांगा, मग कोण कुंपण, कोण परी ते ठरवू द्या, आणि तबकडी दुसऱ्यांदा लावाल तेव्हा रिंगण करा. जर्मन शब्द आले नाहीत तरी काही बिघडत नाही, कडवं बदललं की काय करायचं एवढं माहीत असलं की झालं. लेबलचा आणि खाचांच्या आतल्या कडेला कोरलेल्या आकड्याचा फोटो इथे टाकलात तर कोरस कोणता आणि साल कोणतं हे शोधायला मी मदत करीन.