पहिलेच विजेतेपद साजरे करणाऱ्या लिव्हरपूल समर्थकास

२०२४-२५ च्या हंगामात तुम्ही पहिल्यांदाच आपल्या क्लबला इंग्लंडची फुटबॉल लीग जिंकताना पाहिले, म्हणून मनापासून अभिनंदन! २७ एप्रिल २०२५ रोजी अॅनफिल्डवर, म्हणजे आपल्या घरच्या मैदानावर, टॉटनहॅमविरुद्ध विजेतेपदासाठी केवळ एका गुणाची गरज होती. सोलांकेने पाहुण्यांना आघाडी मिळवून दिली, आपल्या दियाझचा बरोबरीचा गोल आधी ऑफसाइड ठरवून मग व्हीएआरने (व्हिडिओ पंचांनी) मान्य केला आणि अखेर ५-१ असा विजय मिळाला. हा सामना ठळक क्षणचित्रांवर न भागवता पूर्ण पाहा.

या आनंदाची खोली कळण्यासाठी मागचा काळ जाणून घ्या. १९९० नंतर पुढचे विजेतेपद थेट २०२० मध्ये आले, तेही करोनामुळे प्रेक्षकांविना. त्याच्या आदल्याच हंगामात ९७ गुण मिळवूनही संघ मँचेस्टर सिटीच्या एका गुणाने मागे राहिला होता. भरलेल्या स्टेडियममधला हा जल्लोष जुन्या समर्थकांना इतका मोलाचा का वाटतो, हे त्यावरून उमगेल.

आता विसाव्या विजेतेपदामुळे मँचेस्टर युनायटेडशी बरोबरी झाली आहे, तेव्हा त्यांना खुशाल चिडवा. मात्र त्यांच्या खेळाडूंचा बळी घेणाऱ्या १९५८ च्या म्युनिक विमान अपघाताचा उल्लेख थट्टेत कधीही करू नका. १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियममधील चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेत आपले ९७ समर्थक प्राणास मुकले, आणि त्यांच्या कुटुंबीयांना न्यायासाठी किती वर्षे झगडावे लागले हे ठाऊक असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मृतांवरची घोषणा देणे शोभत नाही. असा नारा कोणी सुरू केलाच, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.